गुऱ्हाळावरचा शोधनिबंध कुठे पाठवू?

वाचकाचे पत्र, थोडक्यात : कोल्हापूरजवळच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एका भगिनीने लिहिले आहे. करवीर तालुक्यातल्या गुऱ्हाळांवर, विशेषतः गूळ करणाऱ्या कारागिरांच्या, म्हणजे गुळव्यांच्या, कसबावर, त्यांनी समाजशास्त्रात पीएच.डी. केली आहे आणि प्रबंधातले एक प्रकरण मानवशास्त्राच्या नियतकालिकाकडे पाठवण्याची त्यांची इच्छा आहे. मार्गदर्शक सर म्हणतात, शुल्क भरले की महिन्याभरात छापून देणारे एक जर्नल ओळखीचे आहे, ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 'केअर' या नियतकालिकांच्या यादीतही आहे, नोकरीच्या मुलाखती तोंडावर आल्या आहेत, तेव्हा दोघांच्या नावाने तिथेच देऊन टाकावे. मैत्रीण म्हणते, अमेरिकेतल्या मोठ्या जर्नलशिवाय कशालाच किंमत नाही. स्वतः भगिनींना वाटते की आपले इंग्रजी बेताचे, पदवी मानवशास्त्राची नाही आणि विषयही चार-दोन गावांपुरता; मग मोठ्या ठिकाणी पाठवून हसे करून घेण्यापेक्षा सरांचे ऐकावे का? ज्या गुळव्यांनी विश्वासाने सगळे सांगितले त्यांची नावे लेखात द्यावीत का, असेही त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार,

तुमचा प्रश्न 'कुठे पाठवू' असा आहे. त्याचे उत्तर मी देईनच. पण त्याआधी तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मला थांबायचे आहे. ज्या गुळव्याजवळ तुम्ही सर्वांत जास्त वेळ बसलात, तो यार्डात जाणाऱ्या गुळाच्या काहिलीत, म्हणजे रस आटवण्याच्या मोठ्या कढईत, मालकाच्या सांगण्यावरून रंग उजळणारी हायड्रॉसची पूड टाकतो, कारण शाहू मार्केट यार्डातल्या सौद्यात पिवळ्याधमक रव्याला, म्हणजे गुळाच्या ढेपेला, भाव चढतो. स्वतःच्या घरी न्यायचा गूळ करताना मात्र तो नुसते भेंडीचे पाणी वापरतो. तो गूळ तांबूस-काळपट निघतो, आणि गूळ म्हणावा तो हाच, असे त्याचे मत आहे. हे सगळे तुम्ही पत्रात जाता जाता लिहिले आहे, आणि प्रबंधात ते एका तळटिपेत आहे असेही तुम्हीच सांगता. माझ्या मते तुमचा लेख त्या तळटिपेत आहे.

असे का म्हणतो ते सांगतो. कसब हातात आणि नजरेत असते, ते जाणत्याच्या शेजारी बसून, लहानसहान कामे करत अंगी बाणते, हे मानवशास्त्रात बरेच मांडून झाले आहे. मार्सेल मोस यांनी १९३० च्या दशकात शरीराच्या सवयींवर लिहिले, जीन लेव्ह आणि एतिएन वेंगर यांचे शिकाऊ लोकांविषयीचे पुस्तक १९९१ चे, आणि टिम इंगोल्ड त्यावर गेली कित्येक वर्षे लिहीत आहेत. तुमच्या प्रकरणाचा सध्याचा निष्कर्ष, म्हणजे 'गुळव्याचे ज्ञान हे अनुभवाधारित व अलिखित आहे', या साऱ्यांत नवी भर घालत नाही. नियतकालिकाचा परीक्षक तो वाचून मान डोलावेल आणि लेख परत पाठवेल. तळटिपेतला गुळव्या मात्र निराळे काही सांगतो आहे. त्याला दोन चांगले गूळ माहीत आहेत. एकाची प्रत यार्डातला व्यापारी रंगावरून ठरवतो, दुसऱ्याची तो स्वतः ठरवतो, आणि एकच माणूस, एकाच हंगामात, त्याच चुलवाणावर हे दोन्ही निर्णय हाताळतो. मालाची 'प्रत' नक्की कोण ठरवते आणि ज्याच्या हातून माल निघतो त्याच्या पारखीचे पुढे काय होते, हा प्रश्न आज जगभर विचारला जातो. सारा बेस्की यांनी २०२० च्या आपल्या पुस्तकात कोलकात्याचे चहाचे लिलाव आणि चहा चाखणारे तज्ज्ञ यांच्या आधारे असाच प्रश्न मांडला आहे. तुमच्या लेखाने त्या चर्चेत शिरावे आणि गुऱ्हाळावरून जे दिसते ते चहाच्या लिलावगृहातून दिसणार नाही, हे दाखवावे.

यातच तुमच्या 'चार-दोन गावांपुरता' या शंकेचे उत्तर आहे. मानवशास्त्रात विषयाचा लहानमोठेपणा गावांच्या संख्येवर ठरत नाही. सिडनी मिंट्झ यांनी १९८५ मध्ये साखरेचा जागतिक इतिहास मांडला, कॅरिबियन मळ्यांतली गुलामी आणि इंग्लंडच्या कामगाराचा गोड चहा यांचा संबंध दाखवला. पण त्याआधी, १९६० मध्ये, त्यांनी प्वेर्तो रिकोतल्या एकाच ऊसमजुराची जीवनकथा लिहिली होती. आपल्याकडे साखर कारखान्यांवर बी. एस. बाविस्कर यांचे १९८० चे आणि डोनाल्ड अ‍ॅटवुड यांचे १९९२ चे काम आहे. ते तुम्ही वाचलेच असेल. त्यांच्या शेजारी गुऱ्हाळ ठेवून पाहा. सहकारी कारखान्यात उसाचा हिशेब वजनावर आणि साखरेच्या उताऱ्यावर होतो. गुऱ्हाळात तो शेवटच्या क्षणी एका माणसाच्या पारखीवर येऊन थांबतो. एवढा फरक नीट उभा केलात तरी लेखाचा पाया पक्का होईल.

आता प्रकरणाचा लेख कसा करायचा, याविषयी. 'थोडी काटछाट करून पाठवते' असे तुम्ही लिहिले आहे. तेवढ्याने भागणार नाही, नव्याने लिहावे लागेल. प्रबंध परीक्षकांसाठी असतो. उमेदवाराने सगळे वाचले आहे, सगळे तपासले आहे, याची खात्री त्यातून पटवायची असते. नियतकालिकाच्या वाचकाला ती खात्री नको असते, त्याला एक म्हणणे हवे असते आणि त्या म्हणण्याला पुरेल एवढाच पुरावा. शब्दमर्यादा बहुधा आठ ते दहा हजारांची, तीही अनेक ठिकाणी टिपा आणि संदर्भ धरून. तेव्हा कोल्हापूर जिल्ह्याची भौगोलिक पार्श्वभूमी, पर्जन्यमान आणि तालुकानिहाय ऊसक्षेत्राचे तक्ते हे सारे एका परिच्छेदात आणा. पूर्वसंशोधनाचा आढावा स्वतंत्र भागात देऊ नका. ज्याच्याशी तुमचे म्हणणे जुळते किंवा अडते, त्याचाच उल्लेख, आणि तोही जिथे अडते तिथे.

सुरुवात काहिलीजवळून करा. रस उकळतो आहे, मळी वर येते आहे, ती काढली जाते आहे, चुलवाणात चिपाड सारणाऱ्याला गुळव्या नुसत्या हाताच्या खुणेने जाळ कमी करायला सांगतो, मग गार पाण्यात पाकाचा थेंब सोडून बोटांनी त्याची गोळी वळून पाहतो, आणि ती हवी तशी वळली की काहील उतरवायला सांगतो. हे तुम्ही पाहिले आहे, ते सावकाश लिहा. यार्डाच्या काहिलीला ही गोळी कधी पाहिली आणि घरच्या काहिलीला कधी, एवढा तपशील जरी तुमच्या टिपणवहीत असेल तरी तो सोन्यासारखा आहे. नसेल तर पुन्हा जाऊन विचारा. मुक्कामाच्या अंतरावर क्षेत्र असलेल्या संशोधकाला ही सोय नसते, तुम्हाला आहे. आणि तुम्ही स्वतः तिथे कोण होता, हेही लिहा. काहिलीजवळ तुम्हाला पहिल्यापासून बसू दिले की आधी मालकाच्या घरच्या बायकांमध्ये बसवले? गुळव्या तुमच्याशी मालकासमोर बोलला की मालक जेवायला गेल्यावर? हायड्रॉसची गोष्ट केव्हा, कोणासमोर निघाली? पद्धतीचा भाग म्हणून 'सहभागी निरीक्षण व सखोल मुलाखती या तंत्रांचा अवलंब केला' असे वाक्य प्रबंधात चालते. इथे वाचकाला वरच्या प्रश्नांची उत्तरे हवी असतात, कारण त्यांवरूनच तो तुमच्या पुराव्यावर किती विसंबायचे ते ठरवतो.

पदवी मानवशास्त्राची नाही, ही चिंता सोडून द्या. नियतकालिके पदवी विचारत नाहीत, आणि परीक्षकासमोर तर लेखकाचे नावही नसते. आपल्या देशात या दोन शाखांमधली भिंत मुळातच पातळ आहे; पुण्याच्या डेक्कन कॉलेजात इरावती कर्वे या दोन्ही विषयांचे काम एकत्रच पाहत होत्या.

इंग्रजीचा प्रश्न खरा आहे, पण तुम्ही समजता तसा नाही. साधी, लहान, स्पष्ट वाक्ये लिहिणाऱ्याचा लेख इंग्रजीमुळे सहसा परत येत नाही. मुद्दा सापडला नाही म्हणून येतो. अवघड पारिभाषिक शब्दांची आरास मांडली की मुद्दा आणखी दडतो. माझी सूचना अशी की, लेखाचा मुख्य युक्तिवाद आधी मराठीत दोन पानांत लिहून काढा, तो विषयाबाहेरच्या एखाद्या सहकाऱ्याला वाचायला द्या आणि त्याला तो कळला तरच इंग्रजीकडे वळा. इंग्रजी मसुदा भाषेच्या दृष्टीने कुणाकडून तपासून घेण्यात कमीपणा नाही. आभारात त्यांचे नाव द्यावे. मराठीतही स्वतंत्र लेख जरूर करा. इरावतीबाईंचा पंढरीच्या वारीवरचा लेख मूळ मराठी, आणि तोच इंग्रजीत होऊन १९६२ मध्ये 'जर्नल ऑफ एशियन स्टडीज'मध्ये आला, तेव्हापासून वारीचा अभ्यास करणारे परदेशी अभ्यासक तो वाचत आले आहेत. मात्र एकाच लेखाची दोन भाषांतली रूपे देणार असाल तर दोन्ही संपादकांना ते आधी कळवा.

आता 'कुठे'. लेखाच्या संदर्भसूचीकडे पाहा. तुम्ही ज्यांच्याशी बोलता आहात ते लेखक कुठे छापून आले आहेत? तिथे तुमचा वाचक आहे. भारतात 'मॅन इन इंडिया' हे १९२१ मध्ये रांचीत शरच्चंद्र रॉय यांनी सुरू केलेले, 'ईस्टर्न अँथ्रोपॉलॉजिस्ट' लखनौचे १९४७ पासूनचे, 'सोशिऑलॉजिकल बुलेटिन' भारतीय समाजशास्त्र परिषदेचे १९५२ पासूनचे, आणि 'काँट्रिब्यूशन्स टू इंडियन सोशिऑलॉजी' हे लुई द्युमाँ आणि डेव्हिड पोकॉक यांनी १९५७ मध्ये सुरू केलेले. नाव समाजशास्त्राचे असले तरी या शेवटच्या नियतकालिकात क्षेत्रकार्यावर उभे असलेले मानवशास्त्रीय लेखन भरपूर येते, आणि तुमच्या लेखासाठी मी प्रथम त्याचाच विचार करीन. लेखाचा कल बाजार समिती, सौद्याची पद्धत आणि भेसळीचे नियमन यांकडे झुकला तर मुंबईचे 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' अधिक योग्य. मैत्रिणीचे म्हणणे मी सर्वस्वी खोडून काढत नाही. 'कल्चरल अँथ्रोपॉलॉजी' २०१४ पासून सर्वांना विनामूल्य वाचता येते, त्यामुळे कोल्हापुरात बसून त्याचे अंक चाळून आपला लेख तिथे शोभेल का, हे तुम्हीच पाहू शकता. पण अमेरिकेत छापून आले म्हणून लेख चांगला ठरत नाही, आणि उसाच्या पट्ट्यावर काम करणारे तुमचे सहकारी तो वाचतील याचीही खात्री नसते. कोणतेही नियतकालिक ठरवले तरी त्याचे गेल्या दोन वर्षांचे अंक वाचल्याशिवाय लेख पाठवू नका. संपादकाच्या टेबलावरूनच परत येणारे कितीतरी लेख वाईट नसतात, ते चुकीच्या दारी गेलेले असतात.

सरांनी सुचवलेल्या जर्नलविषयी मला स्पष्ट बोलावे लागेल. 'केअर'मध्ये आहे हा आधार आता उरलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने ती यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली आणि नियतकालिक पारखण्याचे निकष सुचवून ती जबाबदारी संस्थांवर सोपवली. तरीही व्हॉट्सअ‍ॅपवर 'केअर लिस्टेड, सात दिवसांत स्वीकृती' अशा जाहिराती फिरत असतात. आयएसएसएन क्रमांक असणे हाही दर्जाचा पुरावा नाही, ती केवळ नोंदणी आहे. शुल्क घेतले म्हणजे ते बनावटच, असेही समजू नका. मुक्तप्रवेश देणारी काही चांगली नियतकालिके शुल्क घेतात, पण ते लेख स्वीकारल्यानंतर, आधी जाहीर केलेल्या दराने, आणि अनेकदा सवलतीची सोय ठेवून. संशय घ्यायचा तो या गोष्टींवर : परीक्षणाआधीच पैशांची मागणी, आठवड्याभरात स्वीकृती, एकाच अंकात अभियांत्रिकीपासून संगीतापर्यंत सगळे विषय, आणि संपादक मंडळावर अशी नावे ज्यांच्या विद्यापीठाच्या पानावर या जर्नलचा उल्लेखच नाही. नामवंत नियतकालिकांची हुबेहूब नक्कल केलेली संकेतस्थळेही आहेत, म्हणून दुवा कुणी पाठवला असला तरी प्रकाशक संस्थेच्या मूळ पानावरूनच आत जा.

मुलाखतीची घाई मी समजू शकतो. तासिकेवरच्या प्राध्यापकाला पुढच्या वर्षी काम असेल की नाही हेच माहीत नसते, आणि भरतीच्या गुणतक्त्यात शोधनिबंधांना गुण आहेत. पण तुमचे हे क्षेत्रकार्य एकदाच छापता येईल. तळटिपेतला गुळव्या त्या जर्नलमध्ये गेला की तो पुन्हा दुसरीकडे नेता येणार नाही. तातडीने काही हवेच असेल तर प्रबंधातला दुसरा, लहान भाग घ्या, पुस्तक-परीक्षण लिहा, चर्चासत्रात निबंध वाचा. हा मुद्दा मात्र राखून ठेवा. जे वाचक अजून पीएच.डी. करत आहेत त्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही देशपातळीवरची अट आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत राहिलेली नाही. आपल्या विद्यापीठाचा नियम तेवढा पाहून घ्यावा.

सहलेखनाबाबत थोडक्यात : क्षेत्रकार्य तुमचे, लेखन तुमचे, तर लेखक तुम्ही. मानवशास्त्रात एकट्याच्या नावाने लिहिण्याचा प्रघात आहे, हे सरांना सांगता येईल. त्यांचे ऋण आभारात मनापासून मांडा आणि लेखाचा मसुदा त्यांना आधी दाखवा. मान राखला जाईल, आणि त्यांचे शेरे उपयोगीही पडतील. युक्तिवाद घडवण्यात त्यांनी खरोखर हात घातला असेल तर गोष्ट वेगळी. पण ते ठरवायचे कामावरून, नात्यावरून नव्हे.

गुळव्यांच्या नावाचा प्रश्न तुम्ही पत्राच्या शेवटी, संकोचाने विचारला आहे. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तुमचा गुळव्या एक अशी गोष्ट सांगून गेला आहे जिच्यामुळे त्याच्या मालकाला त्रास होऊ शकतो आणि मालकामुळे त्याला. नाव बदलून हा धोका टळत नाही. त्या शिवारात गुऱ्हाळे किती, त्यांतल्या साठीच्या घरातल्या गुळव्यांची संख्या किती? तुम्ही 'रामभाऊ' लिहिलेत तरी गावातले पोरगेही ओळखेल. म्हणून गावाचे नाव काढा, तालुका सांगण्याची गरज आहे का ते पाहा, वय आणि घरची माहिती सैल ठेवा, गुऱ्हाळाचा फोटो देऊ नका, आणि हायड्रॉसचा प्रसंग एका गुऱ्हाळावर न बांधता अनेक ठिकाणच्या निरीक्षणांतून मांडा. काय बदलले आहे ते लेखात वाचकाला सांगा, म्हणजे प्रामाणिकपणालाही बाधा येत नाही. दुसरी बाजूही आहे : काही गुळव्यांना आपले नाव छापून यावे असे वाटेल, आणि आपल्या कसबाचे श्रेय मागण्याचा त्यांना अधिकार आहे. त्यांना विचारा. कसबाच्या वर्णनात नाव आणि पुडीच्या प्रसंगात नाव नाही, अशी विभागणी सुचेल, पण एकाच लेखात दोन्ही आले तर वाचक सहज जोड लावतो. तेव्हा कुणाचे नाव घेतलेत तर पुडीचा प्रसंग त्याच्या गुऱ्हाळाच्या आसपासही येऊ देऊ नका. संबंधित भाग त्याला मराठीत वाचून दाखवा, आणि तो 'हे नको' म्हणाला तर काढा. अमेरिकन अँथ्रोपॉलॉजिकल असोसिएशनच्या २०१२ च्या नीतितत्त्वांत पहिले तत्त्व कुणाचे अहित न करण्याचे आहे. प्रबंधाच्या वेळी घेतलेली सही त्यासाठी पुरेशी नाही, कारण तेव्हा तुम्ही काय लिहिणार हे त्याला आणि तुम्हालाही माहीत नव्हते.

पाठवण्याची तयारी कंटाळवाणी असते, ती टाळू नका. तुमचा प्रबंध 'शोधगंगा' या प्रबंधांच्या संकेतस्थळावर असेल, म्हणून लेखाचे शीर्षक वेगळे ठेवा, नाहीतर परीक्षक शोधयंत्रात शीर्षक टाकून तुमच्या नावापर्यंत पोचेल. मजकुरातून 'माझ्या प्रबंधात मी म्हटल्याप्रमाणे' अशी वाक्ये, आभार आणि फाइलच्या गुणधर्मांत दडलेले स्वतःचे नाव काढा. हा लेख अप्रकाशित प्रबंधावर आधारलेला आहे, असे संपादकाला लिहायच्या पत्रात आधीच सांगा. साम्य तपासणाऱ्या प्रणालीत प्रबंधाशी जुळणारी वाक्ये दिसली की मग खुलासा करत बसावे लागत नाही. ते पत्र अर्ध्या पानाचे असावे : लेख काय म्हणतो, याच नियतकालिकाकडे का, दुसरीकडे पाठवलेला नाही. संदर्भांची पद्धत त्यांच्या सूचनांप्रमाणे काटेकोर ठेवा. अमेरिकन असोसिएशनची नियतकालिके २०१५ पासून शिकागो पद्धत वापरतात, इतरांची त्यांच्या पानावर दिलेली असते. आणि एका वेळी एकाच ठिकाणी. दोन संपादकांकडे एकच लेख असल्याचे उघडकीस आले तर दोन्ही दारे बंद होतात.

त्यानंतर वाट पाहावी लागेल. पहिले उत्तर येण्यास कित्येक महिने लागतात, आणि छापून यायला वर्ष किंवा त्याहून अधिक. परीक्षक दोन असतील तर एक म्हणेल सिद्धांत कमी आहे, दुसरा म्हणेल क्षेत्रातले तपशील वाढवा. 'फेरबदल करून पुन्हा पाठवा' असे उत्तर आले तर ते नकार समजू नका. जाणत्या लेखकांनाही सहसा तेच येते. दोन दिवस पत्र बाजूला ठेवा, मग प्रत्येक सूचनेसमोर तुम्ही काय केले ते लिहा. एखादी सूचना मान्य नसेल तर कारण देऊन नाकारा, संपादकांना ते चालते. गुळव्याची ओळख उघड होईल असा तपशील मागितला गेला तर तिथे अजिबात मागे हटू नका. आणि सरळ नकार आला, तर परीक्षकांचे शेरे पचवून, लेख सुधारूनच दुसरीकडे पाठवा. या विषयावरचे जाणकार थोडे असतात, आणि पुढच्या नियतकालिकाचा संपादक तुमचा लेख त्याच परीक्षकाकडे पाठवण्याची शक्यता बरीच असते.